पीडकनाशक संवेदक, विद्युत् रासायनिक

पाण्यात अत्यल्प प्रमाणात मिसळलेली कीटकनाशके, तणनाशके, कवकनाशके इ. पीडकनाशके ओळखून त्यांच्या प्रमाणाशी निगडित असा विद्युत् संकेत देणारे साधन. यात एक किंवा अधिक विद्युत् अग्रे असतात. त्यांच्या पृष्ठभागावर घडणाऱ्या रासायनिक विक्रियेमुळे निर्माण होणारा अथवा बदलणारा विद्युत् प्रवाह, वर्चस् किंवा संरोध मोजतात व त्यावरून पाण्यातील द्रव्याचे प्रमाण ठरवितात. अग्रावर एंझाइम, प्रतिपिंड किंवा सूक्ष्मजंतू असा जैव घटक बसविलेला असल्यास त्या साधनाला जैव संवेदक म्हणतात. मधुमेही रुग्ण रक्तातील ग्लुकोज मोजण्यासाठी घरी जे छोटे उपकरण व पट्टी वापरतात, तोही याच वर्गातील संवेदक होय. दोहोंत फरक आहे तो मुख्यतः प्रमाणाचा. रक्तातील ग्लुकोज लिटरमागे सु. एक ग्रॅम असते, तर पाण्यातील पीडकनाशक बहुधा त्याच्या दशलक्षांश किंवा त्याहूनही कमी असते.

आवश्यकता : पीडकनाशकांचे पृथक्करण करण्याची प्रमाणभूत पद्धत म्हणजे वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन यांची जोड ही होय. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये शोधलेल्या इलेक्ट्रॉन-ग्राही अभिज्ञातकामुळे कार्बनी क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचे लेशही वायुवर्णलेखनाने ओळखता येऊ लागले. ही पद्धत अचूक व निर्णायक आहे. तथापि तिला महागडी उपकरणे, अतिशुद्ध वायू व विद्रावक, अखंड वीजपुरवठा आणि प्रशिक्षित रसायनज्ञ लागतात. नमुना शीत पेटीतून शहरातील प्रयोगशाळेत न्यावा लागतो आणि निष्कर्ष हाती येण्यास काही दिवस जातात. याउलट विहिरीतील पाण्यात पीडकनाशक शिरते ते फवारणीनंतरच्या एखाद्या जोरदार पावसात, काही तासांत. त्यामुळे निष्कर्ष येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असते. जागेवरच, काही मिनिटांत व अल्प खर्चात संशयित पाणी निवडून काढणे, ही विद्युत् रासायनिक संवेदकाकडून मुख्य अपेक्षा आहे.

भारतात या प्रश्नाची जाणीव प्रथम एका दुर्घटनेने झाली. १९५८ मध्ये केरळ व त्या वेळच्या मद्रास राज्यात पॅराथिऑनाचा संसर्ग झालेल्या पिठामुळे विषबाधा होऊन शंभरावर माणसे दगावली. त्यानंतरच्या चौकशीतून पुढे कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम अस्तित्वात आले. महाराष्ट्रात २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधित झाले आणि त्यांपैकी अनेकांचा मृत्यू झाला. ही विषबाधा मुख्यतः श्वास व त्वचा यांवाटे झालेली होती, पाण्यावाटे नव्हे. तथापि तिच्यात गुंतलेल्या कार्बनी फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचे शरीरावर जे कार्य घडते, त्याच कार्याचा उपयोग प्रस्तुत संवेदकांच्या सर्वांत महत्त्वाच्या वर्गात केलेला आहे.

प्रमाणांच्या मर्यादा : पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या भारतीय मानकात (आय. एस. १०५००, सुधारित २०१२) प्रत्येक पीडकनाशकासाठी स्वतंत्र कमाल मर्यादा दिलेली आहे. लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये (ग्रॅमचा दशलक्षांश भाग) त्यांपैकी काही अशा : मिथिल पॅराथिऑन ०·३, एंडोसल्फान ०·४, मोनोक्रोटोफॉस १, ॲट्राझीन २, फोरेट २, क्लोरपायरिफॉस ३०, मॅलॅथिऑन १९०. यूरोपीय देशांत विषारीपणाचा विचार बाजूला ठेवून बहुतेक सर्व पीडकनाशकांना सरसकट ०·१ आणि सर्वांच्या बेरजेला ०·५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्ली व मुंबई परिसरांत विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्यात पीडकनाशकांचे अवशेष आढळल्याचे दिल्ली येथील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने प्रसिद्ध केले. त्यानंतर भारतातही बाटलीबंद पाण्यासाठी ०·१ व ०·५ मायक्रोग्रॅम याच मर्यादा लागू करण्यात आल्या. विहिरीच्या व नळाच्या पाण्याला मात्र पदार्थागणिक वेगवेगळ्या मर्यादा लागू आहेत.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सु. १,१३,००० लिटर भरते. या सर्व पाण्यात क्लोरपायरिफॉसाचे प्रमाण ३० मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचण्यास सु. ३·४ ग्रॅम, म्हणजे २० टक्के तीव्रतेच्या बाजारी औषधाचे सु. १७ मिलि. पुरतात. फवारणीच्या औषधाच्या बाटलीचे एखाद-दुसरे टोपण भरेल इतकेच हे माप आहे. तीच विहीर ०·१ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेने तपासावयाची झाल्यास तेवढ्या पाण्यात त्याच औषधाचा जेमतेम एक थेंब पुरेसा ठरतो. मिथिल पॅराथिऑनाची ०·३ मायक्रोग्रॅम ही मर्यादा रेणुभाराच्या हिशेबाने लिटरमागे सु. १·१ नॅनोमोल (मोलचा अब्जांश भाग) इतकी होते. इतक्या अल्प संहतीचा वेध घेणे ही संवेदकाच्या रचनेतील मूळ अडचण आहे.

इतिहास : विद्युत् अग्रावरील प्रवाह मोजून विद्रावातील द्रव्य ओळखण्याची पद्धत प्राग येथील यारॉस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये थेंबत्या पाऱ्याचे विद्युत् अग्र वापरून सुरू केली. तिला पोलॅरोग्राफी हे नाव मिळाले व तिच्याबद्दल त्यांना १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. अमेरिकेतील लेलंड क्लार्क यांनी १९५६ मध्ये ऑक्सिजन मोजणारे विद्युत् अग्र प्रसिद्ध केले आणि १९६२ मध्ये लायन्स यांच्यासमवेत त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम बसविण्याची कल्पना मांडली. जैव संवेदकांचा आरंभ येथून मानतात. त्याच वर्षी जॉर्ज गिलबॉल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलीनएस्टरेज या एंझाइमाच्या निरोधनावरून (क्रिया रोखली जाण्यावरून) कार्बनी फॉस्फरस संयुगे विद्युत् रासायनिक पद्धतीने मोजून दाखविली. पाऱ्याच्या विषारीपणामुळे पुढे त्याची जागा कार्बन, सोने व प्लॅटिनम यांच्या अग्रांनी घेतली. कार्बनाची शाई प्लॅस्टिकच्या किंवा मृत्तिकेच्या पट्टीवर जाळीतून छापून तयार केलेली स्वस्त अग्रे प्रचारात आल्यावर एकदा वापरून टाकून देण्याजोगे संवेदक शक्य झाले.

मूलतत्त्व : सामान्यतः संवेदकात तीन विद्युत् अग्रे असतात. ज्यावर विक्रिया घडते ते कार्यकारी अग्र, ज्याचे वर्चस् स्थिर राहते ते संदर्भ अग्र (बहुधा चांदी व सिल्व्हर क्लोराइड यांचे) आणि प्रवाहाचे मंडल पूर्ण करणारे साहाय्यक अग्र. कार्यकारी अग्राला संदर्भाच्या सापेक्ष ठराविक वर्चस् दिले असता ज्या द्रव्याचे त्या वर्चसाला ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) किंवा क्षपण (इलेक्ट्रॉन मिळविणे) होऊ शकते, तेच द्रव्य अग्राशी इलेक्ट्रॉनांची देवघेव करते. वर्चस् द्रव्याचा प्रकार सुचविते आणि प्रवाह त्याचे प्रमाण सांगतो. वर्चस् स्थिर ठेवून प्रवाह मोजल्यास त्या पद्धतीला प्रवाहमापी, वर्चस् क्रमाने बदलत जाऊन प्रवाहाचा आलेख काढल्यास व्होल्टामापी, प्रवाह जवळजवळ शून्य ठेवून वर्चस् मोजल्यास वर्चस्‌मापी आणि प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा अडथळा मोजल्यास संरोधमापी पद्धत म्हणतात. [⟶ विद्युत् रसायनशास्त्र].

प्रकार : (१) प्रत्यक्ष अभिज्ञान : काही पीडकनाशकांच्या रेणूंत स्वतःच विद्युत् अग्रावर विक्रिया करणारा गट असतो. पॅराथिऑन, मिथिल पॅराथिऑन व फेनिट्रोथिऑन यांतील नायट्रो गटाचे सहज क्षपण होते. इमिडाक्लोप्रिड या निओनिकोटिनॉइड कीटकनाशकातील नायट्रो गटाचेही अधिक ऋण वर्चसाला क्षपण होते. पॅराक्वाट या तणनाशकाचे क्षपण उलटसुलट होऊ शकते, म्हणून त्याचा आलेख ठळक येतो. कारबेंडाझिम या कवकनाशकाचे ऑक्सिडीकरण होते. कार्बारिल व कार्बोफ्यूरान यांचे क्षारीय (अल्कलाइन) विद्रावात आधी जलीय विच्छेदन करून मिळणारे फिनॉलवर्गीय द्रव्य मोजता येते. ही रीत सोपी व टिकाऊ आहे, कारण तीत नाशवंत जैव घटक नसतो. तथापि पाण्यातील इतर नायट्रो संयुगे, फिनॉले व कुजलेल्या वनस्पतींपासून आलेली ह्यूमिक द्रव्येही त्याच सुमारास विक्रिया करतात. शिवाय ग्लायफोसेटासारख्या बहुप्रचलित तणनाशकाला अग्रावर सहज विक्रिया करणारा गट नसल्याने ते या रीतीने सरळ ओळखता येत नाही.

(२) एंझाइम निरोधनावर आधारित : तंत्रिकेकडून (मज्जातंतूकडून) स्नायूकडे संदेश नेणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य आपले काम झाल्यावर ॲसिटिलकोलीनएस्टरेज या एंझाइमाने तत्काळ तोडले जाते. कार्बनी फॉस्फरस व कार्बामेट कीटकनाशके या एंझाइमाच्या क्रियाशील जागी चिकटून बसतात. मग ॲसिटिलकोलीन साचत जाते, लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात आणि शेवटी श्वसनाचे स्नायू निकामी होतात. कीटक काय किंवा माणूस काय, दोघांतही हीच क्रिया घडते.

संवेदकात हेच एंझाइम कार्बनाच्या अग्रावर पातळ थरात बसवितात व त्याला ॲसिटिलथायोकोलीन हे मूळ द्रव्याशी साम्य असलेले गंधकयुक्त द्रव्य पुरवितात. त्याच्या विच्छेदनातून थायोकोलीन निर्माण होते. थायोकोलिनाचे अग्रावर ऑक्सिडीकरण होऊन प्रवाह मिळतो. कोबाल्ट थॅलोसायनीन किंवा प्रशियन ब्ल्यू यांसारखे मध्यस्थ द्रव्य अग्रात मिसळल्यास हे ऑक्सिडीकरण कमी वर्चसाला होते व इतर द्रव्यांचा अडथळा कमी होतो. प्रथम शुद्ध पाण्यात प्रवाह मोजतात. नंतर पट्टी परीक्ष्य पाण्यात सु. दहा मिनिटे बुडवून ठेवतात व पुन्हा प्रवाह मोजतात. प्रवाहात झालेली घट मूळ प्रवाहाच्या किती टक्के आहे, त्यावरून निरोधनाचे मान मिळते.

या पद्धतीची संवेदनक्षमता मोठी का असते, हे साध्या गणिताने कळते. ०·३ मायक्रोग्रॅम मिथिल पॅराथिऑन असलेल्या पाण्याच्या एका थेंबात (०·०५ मिलि.) त्या द्रव्याचे सु. ३,४०० कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूने अग्राकडून चार इलेक्ट्रॉन घेतले, तरी एकूण विद्युत् भार ०·०२२ मायक्रोकुलंब इतकाच होतो आणि तोही एकदाच मिळतो. याउलट ॲसिटिलकोलीनएस्टरेजाचा एक रेणू दर सेकंदास हजारो रेणू तोडतो. म्हणून कीटकनाशकाच्या एका रेणूने एंझाइमाचा एक रेणू बंद पाडला की, दर सेकंदास हजारो इलेक्ट्रॉनांची आवक थांबते. अशा रीतीने संकेताचे वर्धन होते.

या पद्धतीत एक महत्त्वाची खाच आहे. मोनोक्रोटोफॉस, डायक्लोरव्हॉस यांसारख्या द्रव्यांत फॉस्फरसाला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो व ती एंझाइमाला थेट रोखतात. पॅराथिऑन, क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन, क्विनालफॉस यांत त्या जागी गंधक असते. ही द्रव्ये मूळ रूपात एंझाइमावर फारशी क्रिया करीत नाहीत. शरीरात गेल्यावर मुख्यतः यकृतात गंधकाच्या जागी ऑक्सिजन येतो व मगच ती घातक बनतात. संवेदकाला यकृत नसते. म्हणून नमुन्यावर ब्रोमिनाची किंवा तत्सम ऑक्सिडीकारकाची पूर्वक्रिया करून गंधकी रूपाचे ऑक्सिजनी रूपांतर करून घ्यावे लागते. ही पायरी गाळल्यास विषारी पाणीही निर्दोष भासते.

निरोधन झालेले एंझाइम कार्बामेटांच्या बाबतीत कालांतराने आपोआप मोकळे होते. कार्बनी फॉस्फरस संयुगांचा बंध मात्र पक्का असतो व वेळ जाईल तसा तो अधिक पक्का होतो. प्रॅलिडॉक्झाइम हे द्रव्य तो बंध लवकर तोडू शकते. विषबाधित रुग्णाला ॲट्रोपिनाबरोबर दिले जाणारे हे औषध प्रयोगशाळेत वापरलेले विद्युत् अग्र पुन्हा कार्यक्षम करण्यासाठीही उपयोगी पडते. रक्तातील कोलीनएस्टरेजाची पातळी मोजणे ही विषबाधेच्या निदानातील नेहमीची चाचणी आहे. १९७१ च्या नियमांनुसार अशा द्रव्यांशी संबंध येणाऱ्या कामगारांची ही पातळी दरमहा तपासणे आवश्यक आहे. संवेदकाची पट्टी व माणसाचे रक्त यांत एकच एंझाइम एकाच रीतीने साक्ष देते.

(३) एंझाइम उत्प्रेरणावर आधारित : येथे एंझाइम कीटकनाशकाला बळी न पडता त्यालाच तोडते. नंब्राट्टिल सेतुनाथन व योशिदा यांनी १९७३ मध्ये फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत भातखाचरातील पाण्यातून डायाझिनॉन व पॅराथिऑन यांचे विघटन करणारा फ्लावोबॅक्टेरियम वंशातील सूक्ष्मजंतू वेगळा केला. त्याच्यातील कार्बनी फॉस्फरस विच्छेदक एंझाइम पॅराथिऑन व मिथिल पॅराथिऑन यांचे विच्छेदन करून पॅरानायट्रोफिनॉल मुक्त करते. ते पिवळे असल्याने रंगावरून आणि त्याचे ऑक्सिडीकरण होत असल्याने प्रवाहावरूनही मोजता येते. विच्छेदनात हायड्रोजन आयनही सुटत असल्यामुळे पीएच मूल्यातील बदलावरूनही मापन करता येते. या पद्धतीत प्रवाह कमी होण्याऐवजी वाढतो व तो ठराविक रचनेच्या द्रव्यांमुळेच वाढतो. म्हणून निष्कर्ष अधिक स्पष्ट असतो आणि पट्टी पुनःपुन्हा वापरता येते.

महाराष्ट्रात या दिशेने महत्त्वाचे संशोधन तुर्भे (मुंबई) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. तेथे जितेंद्र कुमार, एस. के. झा व एस. एफ. डिसूझा यांनी २००६ मध्ये फ्लावोबॅक्टेरियमाच्या अखंड कोशिका काचतंतूंच्या गाळण-कागदावर बसवून मिथिल पॅराथिऑनासाठी प्रकाशीय जैव संवेदक तयार केला. २०११ मध्ये कुमार व डिसूझा यांनी जाळीछाप कार्बन अग्र व चक्रीय व्होल्टामापन वापरून त्याच द्रव्यासाठी विद्युत् रासायनिक सूक्ष्मजैविक संवेदक प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्यांनी कोशिका बसविण्यासाठी कांद्याच्या आतील पातळ पापुद्र्याचाही उपयोग करून पाहिला. एंझाइम शुद्ध करण्याचा खर्च अखंड कोशिका वापरल्याने वाचतो आणि कांद्याचा पापुद्रा तर सहज उपलब्ध होणारा आहे. मात्र विद्युत् रासायनिक संवेदकाची मापनकक्षा लिटरमागे मायक्रोमोलांची, म्हणजे पिण्याच्या पाण्यातील मर्यादेच्या हजार पटींहून अधिक होती. असे साधन सांडलेले औषध, धुवण किंवा कारखान्याचे सांडपाणी ओळखू शकते. पिण्याचे पाणी निर्दोष ठरविण्यास नमुन्याचे पूर्वसंहतीकरण (द्रव्य थोड्या पाण्यात एकवटणे) आवश्यक ठरते.

(४) इतर प्रकार : विशिष्ट पीडकनाशकाशीच जुळणारे प्रतिपिंड अग्रावर बसवून संरोधातील बदल मोजतात. ॲट्राझिनासारख्या, कोलीनएस्टरेजावर क्रिया न करणाऱ्या द्रव्यांसाठी हा मार्ग उपयुक्त आहे. ॲट्राझीन व डाययुरॉन ही तणनाशके वनस्पतींतील प्रकाशसंश्लेषणाची इलेक्ट्रॉन-साखळी तोडतात. म्हणून हरितद्रव्ययुक्त पटले अग्रावर बसवून प्रकाशात मिळणारा प्रवाह किती घटतो, यावरूनही ती ओळखता येतात. जैव घटक मुळीच न वापरता पीडकनाशकाच्या रेणूभोवती बहुवारिक (पॉलिमर) तयार करून नंतर तो रेणू काढून टाकल्यास त्याच्या आकाराचा साचा मागे राहतो. असे साचे उष्णता व साठवण यांना चांगले टिकतात. कार्बन अब्जांश नलिका (नॅनोनलिका), ग्रॅफीन व सोन्याचे सूक्ष्मकण यांच्या थराने अग्राचे क्रियाशील क्षेत्रफळ वाढते व इलेक्ट्रॉनांची देवघेव जलद होते. आज प्रसिद्ध होणाऱ्या बहुतेक संवेदकांत अशा एखाद्या थराचा समावेश असतो.

क्षेत्रीय उपयोगातील अडचणी : प्रयोगशाळेतील शुद्ध विद्रावात उत्तम चालणारा संवेदक विहिरीच्या पाण्यात तसाच चालेल, असे नाही. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पठारी भागाचे, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील बेंबळी या गावाच्या परिसराचे उदाहरण घेतल्यास या अडचणी स्पष्ट होतात. हा भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाचा असून भूजल मुख्यतः त्याच्या झिजलेल्या थरांत व भेगांत साठते. काळ्या मातीतील चिकण कण पुष्कळशी पीडकनाशके धरून ठेवतात. तथापि उन्हाळ्यात या मातीला खोल भेगा पडतात व पहिल्या पावसांचे पाणी मातीतून गाळले न जाता भेगांवाटे झपाट्याने खाली उतरते. काठ उंच नसलेल्या विहिरीत शेतावरून वाहणारे गढूळ पाणीही शिरते. सोयाबीन, तूर, उडीद या पिकांवरील फवारणीचा काळ व पावसाचा काळ एकच असल्यामुळे पाणी तपासण्याची खरी गरज याच आठवड्यांत असते.

अशा पाण्यातील गाळ अग्रावर बसून प्रवाह कमी करतो व तो निरोधनासारखा भासतो. पारा व इतर काही जड धातू, तसेच फ्ल्युओराइड, कोलीनएस्टरेजाची क्रिया स्वतःच मंदावतात. पावसाळ्यात विहिरीत टाकल्या जाणाऱ्या ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन एंझाइम निष्क्रिय करतो. त्यामुळे स्वच्छ पाणीही दूषित ठरू शकते. शिवाय तोच क्लोरीन क्लोरपायरिफॉसासारख्या द्रव्यांचे अधिक घातक अशा ऑक्सिजनी रूपात परिवर्तन करतो. म्हणून नमुना घेतल्याबरोबर त्यातील शिल्लक क्लोरीन काढून टाकणे, गाळ गाळून घेणे, पीएच मूल्य योग्य विद्रावाने स्थिर ठेवणे आणि त्याच विहिरीच्या पाण्यात ज्ञात प्रमाणात पीडकनाशक मिसळून समांतर चाचणी करणे आवश्यक असते. ४०° से. वर जाणाऱ्या उन्हाळी तापमानात एंझाइमाच्या पट्ट्यांची क्रियाशीलता लवकर घटते. त्यामुळे त्या थंड जागी साठवाव्या लागतात व प्रत्येक वेळी ताज्या शुद्ध पाण्यातील प्रवाहाशी तुलना करावी लागते.

निष्कर्षाचा अर्थ : निरोधनावर आधारलेला संवेदक द्रव्याचे नाव सांगत नाही. पाण्यात असलेल्या अनेक द्रव्यांचा एकत्रित परिणाम तो एकाच आकड्यात दर्शवितो. हा त्याचा दोष आहे, तसाच गुणही आहे. कारण माणसाच्या शरीराला त्या सर्व द्रव्यांचा एकत्रितच मारा सोसावा लागतो, तर मानकांतील मर्यादा एकेका द्रव्याच्या असतात. परंतु भारतीय मानकाप्रमाणे पाणी योग्य की अयोग्य, हे केवळ या आकड्यावरून ठरविता येत नाही. ३० मायक्रोग्रॅम क्लोरपायरिफॉस व १ मायक्रोग्रॅम मोनोक्रोटोफॉस या दोन्ही मर्यादांचा निरोधनाशी असलेला संबंध सारखा नाही. प्रवाहात लक्षणीय घट आढळल्यास तो नमुना प्रयोगशाळेत पाठवावा व निर्णय होईपर्यंत त्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरू नये, एवढाच त्या निष्कर्षाचा योग्य अर्थ होय. पाणी उकळल्याने बहुतेक पीडकनाशके विश्वसनीय रीत्या नाहीशी होत नाहीत. सक्रियित कार्बनाच्या गाळणीने त्यांपैकी बरीच शोषली जातात.

याच्या उलट, प्रवाहात घट न आढळणे ही निर्दोषत्वाची खूण मानता येत नाही, कारण शेतीतील औषधे बदलत आली आहेत. एंडोसल्फानावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये देशभर बंदी घातली. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशाने मिथिल पॅराथिऑन तत्काळ व फोरेट, ट्रायाझोफॉस, डायक्लोरव्हॉस ही २०२० च्या अखेरीपासून बंद झाली, तर मोनोक्रोटोफॉसाच्या ३६ टक्के द्रव प्रकारावर २०२३ मध्ये बंदी आली. सोयाबीनवर आज वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी इमाझेथापिर हे तणनाशक, क्लोरँट्रानिलिप्रोल, थायामेथोक्झाम व लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांपैकी एकही कोलीनएस्टरेजाला रोखणारे नाही. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस व क्विनालफॉस ही मात्र त्या वर्गात मोडतात. म्हणजेच एकाच गावात शेजारच्या दोन विहिरींपैकी एका विहिरीबाबत संवेदकाचा निष्कर्ष अर्थपूर्ण, तर दुसरीबाबत निरर्थक ठरू शकतो. कोणत्या शेतात, कोणते औषध, केव्हा फवारले याची नोंद हाती असल्याशिवाय संवेदकाचा आकडा वाचता येत नाही. ही नोंद ठेवण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. औषधाच्या डब्यावरील घटकाचे नाव व तारीख लिहून ठेवणे पुरते.

सद्यःस्थिती : वैज्ञानिक नियतकालिकांत मर्यादेच्या कितीतरी खाली पोहोचणाऱ्या संवेदकांचे वृत्तांत मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले आहेत. तथापि ग्लुकोजाच्या पट्टीप्रमाणे सर्वत्र विकला जाणारा पीडकनाशक संवेदक अद्याप प्रचारात आलेला नाही. ग्लुकोजाची मागणी सतत व मोजावयाचे द्रव्य एकच असते. पीडकनाशके शेकडो असून त्यांची गरज हंगामी आहे आणि ज्यांना ती सर्वाधिक आहे, त्यांची खरेदीची ऐपत कमी आहे. गावपातळीवर पाणी तपासण्यासाठी दिल्या जाणाऱ्या संचांत सामान्यतः पीएच मूल्य, कठिनता, क्लोराइड, फ्ल्युओराइड, नायट्रेट, लोह, शिल्लक क्लोरीन व जंतुसंसर्ग यांच्या चाचण्या असतात. पीडकनाशकांसाठी प्रयोगशाळेचाच आधार घ्यावा लागतो. निरोधनाची, उत्प्रेरणाची व प्रत्यक्ष अभिज्ञानाची अशी वेगवेगळी अग्रे एकाच पट्टीवर छापून त्यांच्या संकेतांची एकत्र तुलना करणे, कोशिकांऐवजी टिकाऊ बहुवारिक साचे वापरणे आणि भ्रमणध्वनीला जोडता येतील अशी छोटी मापन-मंडले बनविणे, या दिशांनी संशोधन चालू आहे. अशी पट्टी उपलब्ध झाल्यानंतरही अंतिम निर्णय वर्णलेखनाचाच राहील. शेकडो विहिरींतून प्रयोगशाळेत न्यावयाचे मोजके नमुने योग्य वेळी निवडणे, हे संवेदकाचे कार्य होय. [⟶ कीटकनाशके; तणनाशके; पाणीपुरवठा].